उतारावरचा खोटा थर

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत मला 'रस्त्याला क्रीम लावणाऱ्या बाई' म्हणतात. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, "काय मॅडम, आपल्या गेटसमोरच्या रस्त्याचा चेहरा कधी उजळणार?" मी म्हणते, "आता फार उशीर झालाय. क्रीम सुरकुत्यांना चालतं, हाड मोडल्यावर नाही." सगळे हसतात आणि आपापल्या मजल्यावर उतरतात.

थट्टा सोडली तर वर्णन बरोबर आहे. मी रसायनशास्त्राची पदवीधर. डांबरी रस्त्यांवर संरक्षक थर देणाऱ्या एका खाजगी कंपनीत सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. प्रयोगशाळा म्हणजे पांढरा कोट आणि काचेची नळकांडी डोळ्यांसमोर आणू नका. एक जुना कंटेनर, त्यात एक टेबल, वजनकाटा, चाळण्यांची चवड, पिण्याच्या पाण्याचा जार आणि चहाचे डाग पडलेली एक वही. काम जिथे असेल तिथे हा कंटेनर ट्रेलरवर चढून जायचा आणि त्याच्यामागून मी.

डांबर उन्हात म्हातारं होतं. त्यातला ओशटपणा जातो, ते ठिसूळ होतं, केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत जातं आणि मग जो खड्डा पडतो तो वर्तमानपत्रात येतो. चीर कधी वर्तमानपत्रात येत नाही. आमचं काम चिरेच्या वेळचं. म्हणून आमचं कौतुक कोणी करत नाही, कारण आम्ही गेल्यावर रस्त्यावर काही घडतच नाही.

लोकांना हे पटवणं म्हणजे डोकेफोड. द्रोणागिरीच्या एका गोदामाचे मालक दरवर्षी फोन करून ओरडायचे की तुमचा थर ट्रकच्या पार्किंगमध्येच का उखडतो. मी सांगून दमले की उभ्या ट्रकांतून डिझेल ठिबकतं आणि डिझेल डांबराला विरघळवतं, तिथे वेगळा थर लागतो. ऐकेनात. शेवटी एका संध्याकाळी त्यांच्याच अंगणातला डांबराचा खडा त्यांच्याच ऑफिसातल्या काचेच्या ग्लासात डिझेल ओतून ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ग्लासात काळं पाणी होतं आणि तळाशी नुसती खडी. त्यानंतर त्यांचा फोन आला तो फक्त एवढंच विचारायला, की तो ग्लास घासून परत वापरता येईल का.

असे किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मला मजा येते. पण संपादकांनी लिहायला सांगितल्यावर जो दिवस डोळ्यांसमोर आला तो मजेचा नव्हता. तो सांगण्याआधी आमचा माल कसा बनतो ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दगडाची बारीक कच, चिमूटभर सिमेंट, पाणी आणि इमल्शन. इमल्शन म्हणजे पाण्यात तरंगत ठेवलेले डांबराचे सूक्ष्म थेंब. दिसायला चॉकलेटी, हाताला गार. कचेशी गाठ पडली की थोड्या वेळाने त्यातलं पाणी वेगळं होतं आणि डांबर दगडाला धरतं. आम्ही म्हणतो, माल 'फुटला'. दूध फुटतं तसंच, फक्त इथे ते फुटायलाच हवं असतं. चॉकलेटी रंग जाऊन काळा येतो. सगळी कसोटी वेळेची. रस्त्यावर पसरल्यानंतर फुटला तर थर वर्षानुवर्षं चिकटून राहतो. पसरायच्या आधी, मशीनमध्येच फुटला, तर डांबर नुसत्या भुकटीला चिकटतं आणि मोठे दाणे उघडेच राहतात. गंमत म्हणजे असा थर वरून अगदी झकास दिसतो. काळा, सपाट, फोटो काढावा असा. खाली त्याने रस्त्याला धरलेलंच नसतं. याला आम्ही खोटा थर म्हणतो. मोटारीच्या चाकाखाली तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दुचाकीच्या चाकाखाली सुटला तर माणूस जातो.

म्हणून रोज सकाळी कपाची चाचणी. कागदी कपात मोजून कच, सिमेंट, पाणी, इमल्शन घ्यायचं, काडीने ढवळायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. दोन मिनिटं तरी माल ढवळता आला पाहिजे. त्याआधी घट्ट झाला तर मुदत वाढवणारं एक रसायन थेंबाथेंबाने घालायचं. त्याला सगळे 'औषध' म्हणत. मी वहीत सेकंद लिहून खाली सही केली की मशीन सुरू. माझ्या सहीशिवाय चाक हलत नसे, याचा मला ताठा होता. आजही आहे थोडा.

ट्रकवर बसवलेल्या त्या मशीनच्या मागे एक लोखंडी पेटी रस्त्यावर घसटत जाते. तिच्यातून अर्ध्या पेराएवढा थर पडतो. पेटीच्या वरच्या फळीवर जो माणूस उभा असतो, त्याच्या हातात पाण्याचे आणि औषधाचे खटके असतात. आमच्याकडे तिथे हिराजी होते. उरणच्या खाडीकाठचे, घर मासेमारीचं. खाडीतली मासळी हटली तसे तिशीत आमच्याकडे झाडूवर लागले आणि काही वर्षांत पेटीवर चढले. वयाने माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. शिकले चौथीपर्यंत, पण पेटीत पडणाऱ्या मालाचा आवाज ऐकून सांगायचे, "बाई, कच ओली हाय आज." आणि ती ओली असायची.

हिराजींची एक सवय होती. सकाळी पाण्याचा टँकर आला की खालचा कॉक जरा उघडायचा, ओंजळीत पाणी घ्यायचं, जिभेला लावायचं आणि थुंकायचं. मग म्हणायचे, "गोडं हाय." समुद्रावर वाढलेल्या माणसाला पाण्याची खात्री अशीच करावीशी वाटत असणार. मला ते कधीच आवडलं नाही.

त्यातच आमच्या दुसऱ्या एका कामावर एका मजुराने बाटलीतलं औषध पाणी समजून तोंडात घेतलं आणि त्याचं तोंड भाजलं. मी लगेच सगळीकडे पाटी लावली, की कामावरचा कोणताही द्रव पदार्थ चाखू नये. पाटी योग्यच होती, आजही मी तीच लावीन. दुसऱ्या दिवशी हिराजींचा हात सवयीने कॉककडे गेला तेव्हा मात्र मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अहो हिराजी, हे मशीन आहे, कालवणाचं टोप नाही. चव बघायला मी आहे ना, कपात बघते मी!" सगळी टोळी खिदळली. हिराजीही हसले, हात पँटला पुसला आणि म्हणाले, "बरं बाई." त्यानंतर त्यांनी पाणी चाखलं नाही.

ही गोष्ट त्यानंतर महिन्याभराने घडली. मे महिना, शनिवार. पळस्प्याच्या पुढे हायवेवरून एक रस्ता गोदामांच्या वस्तीकडे उतरतो. चांगला उतार, मध्ये वळण आणि वळणाच्या टोकाला कठडा नसलेली मोरी. कंटेनर त्या रस्त्याने जातात, पण जास्त करून दुचाक्या. तिथल्या पॅकिंगच्या गोदामात आसपासच्या गावांतल्या दोन-अडीचशे बाया कामाला होत्या. पाच वाजता पाळी सुटली की एका स्कूटरवर दोघी-तिघी बसून त्या वळणावरून ये-जा करत. रस्ता बंद ठेवायची परवानगी आम्हाला सकाळी सात ते दुपारी चारपर्यंत होती. चारला उघडायचाच.

त्या दिवशी टँकरला उशीर झाला. कपाची चाचणी टँकरच्याच पाण्याने करायची असते. हे मी स्वतः नव्या लोकांना घसा कोरडा करून शिकवत असे. पण सात वाजून गेले होते, पाण्याखेरीज सगळं मशीनमध्ये भरून तयार होतं, आणि प्रोजेक्ट मॅनेजर मोहिते साहेब दर पाच मिनिटांनी कंटेनरच्या दारात येऊन घड्याळ बघत होते. तीन आठवडे त्याच विहिरीचं पाणी येत होतं, त्यात काय बदलणार? मी जारमधलं पिण्याचं पाणी कपात घातलं. एकशे पासष्ट सेकंद. वहीत लिहिलं, सही केली. टँकर आला तेव्हा मी चहा पीत होते.

पहिली शंभर फुटं ठीक गेली असावीत असं मला वाटलं. मग हिराजींनी मशीन थांबवायला हात वर केला आणि मला बोलावलं.

"बाई, माल जड येतोय. पेटीत गोलं धरतंय."

"ऊन चढतंय हिराजी. औषध थोडं वाढवा."

"वाढवलं ना, दोनदा. पानी बी वाढवलं. माल आयकत नाय." मग त्यांनी विचारलं, "पानी कुठचं हाय आज?"

"टँकर रोजचाच आहे." हे खरं होतं. टँकर रोजचाच होता, ड्रायव्हरही रोजचाच. पाणी कुठलं ते मी विचारलं नव्हतं.

हिराजी टँकरकडे बघत राहिले. मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. "हे बघा, एकशे पासष्ट. कपात बघितलंय मी."

त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "तुमी बघितलंय ना? मंग झालं." आणि परत फळीवर चढले.

बारा वाजेपर्यंत सगळा उतार झाला. काळा, सपाट, देखणा. मोहिते साहेबांनी मोबाइलवर फोटो काढून वरिष्ठांना पाठवले. आम्ही झाडाखाली डबे खाल्ले. कोणाला काही वाटलं नाही. हिराजी मात्र जेवून झाल्यावर लगेच उठले आणि रस्त्याच्या कडेने एकटेच उतारावर फिरत राहिले.

पावणेतीनला मी टाचेची तपासणी करायला गेले. ती सोपी असते. एका टाचेवर उभं राहून शरीराचा भार टाकून वळायचं. थर जमला असेल तर काही होत नाही. वळणापाशी मी टाच फिरवली आणि पायाखालून थर सरकला. मी वाकून बोटांनी तो तुकडा उचलला. भाजलेल्या पापडासारखा अखंड हातात आला. वरची बाजू काळी, खालची करडी, आणि खालचे दाणे कोरडे ठणठणीत. चार पावलं पुढे जाऊन परत टाच फिरवली. तेच. मोरीजवळ तेच.

 मी जवळजवळ पळतच टँकरपाशी गेले. हिराजी मशीनच्या सावलीत उभे होते. त्यांच्यासमोर, मीच लावलेल्या पाटीखाली उभी राहून मी कॉक उघडला, ओंजळ भरली आणि जिभेला लावली.

खारट. किंचित नाही, चांगलंच खारट.

"कुठून भरलंस?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"रोजच्या विहिरीची मोटार जळली मॅडम. म्हणून खाडीकडच्या विहिरीवरनं भरला. पाणी स्वच्छ आहे एकदम, गाळ नाही."

नुकतीच अमावास्या होऊन गेली होती. उधाणाच्या भरतीचं पाणी त्या काठच्या विहिरींत झिरपतं, त्यात मे महिना, विहिरी तळाला गेलेल्या. पाण्यातले क्षार आमच्या इमल्शनला सोसत नाहीत. टँकरचं पाणी घेऊन मी कपाची चाचणी पुन्हा केली. अडतिसाव्या सेकंदाला काडी अडली. जे सकाळी करायचं होतं ते मी तीन वाजता करत होते.

एक तास हातात होता. मी मोहिते साहेबांना तुकडा दाखवला आणि सांगितलं, "रस्ता उघडायचा नाही. सगळा थर खरवडून काढायचा."

"मॅडम, वर हायवेपर्यंत कंटेनरची रांग लागलीय. चारला उघडलं नाही तर आपल्याला परत या रस्त्यावर पाऊल ठेवू देणार नाहीत."

"हे सुटेल साहेब. वळणावर ब्रेक लागला की सुटेल."

"सगळीकडे सुटेल असं थोडंच आहे? उघडू या, 'हळू चला'चे बोर्ड लावू. चाकांनी दाबून बसेल. उद्या रविवार, उद्या काय ते बघू."

"खोटा थर दाबून बसत नाही. पाच वाजता बाया सुटतात."

त्यांनी घड्याळ बघितलं. "लेखी द्याल?"

मी वहीतलं पान फाडलं आणि उभ्या उभ्या लिहून दिलं, की थर निकामी आहे, वाहतूक सोडल्यास अपघात होईल. खाली सही केली. एका दिवसातली माझी ही दुसरी सही, पहिलीच्या बरोबर उलटी. पान घडी करून त्यांनी खिशात टाकलं, पण थर खरवडणारं ग्रेडर मशीन फोनवरून मागवायला बाजूला गेले. माणूस वाईट नव्हता. वरून येणाऱ्या फोनांना भ्यायचा इतकंच.

वरच्या टोकाला वाहतूक पोलिसांचे एक हवालदार होते. दिवसभर उन्हात रांगेच्या शिव्या खाऊन कावलेले. "मला काय सांगताय मॅडम? चार म्हणजे चार. दिसतोय की रस्ता तयार, काळा कुळकुळीत!" मी समजावत होते, तुकडे काढून दाखवत होते. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. दिसायला तो रस्ता खरोखरच आमच्या आजवरच्या कामांतला सगळ्यात देखणा होता.

चार वाजले. कंटेनरवाल्यांनी हॉर्न धरले. त्या गोंगाटात रस्ता अडवायला ठेवलेला एका कडेचा प्लास्टिकचा शंकू कोणीतरी पायाने सरकवला आणि एक स्कूटर फटीतून आत शिरली. चालवणारी एक बाई, मागे दुसरी, मांडीवर डब्यांची पिशवी. लवकर घरी निघालेल्या असाव्यात किंवा उशिरा कामावर, मला माहीत नाही. मी ओरडले. हॉर्नमध्ये माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. स्कूटर उतरायला लागली आणि वेग घ्यायला लागली.

वळणाच्या अलीकडे हिराजी होते. त्यांनी अंगातलं नारिंगी जाकीट काढून डोक्यावर फिरवत रस्त्याच्या मधोमध धाव घेतली. "ब्रेक नको! ब्रेक मारू नको गो! सोड, सोडून दे!" एवढं मला ऐकू आलं. पण समोर माणूस आडवा आल्यावर कोण ब्रेक मारणार नाही? चालवणाऱ्या बाईने मारला. पुढचं चाक थरासकट सरकलं. कापडाला सुरकुती पडावी तसा काळा थर चाकापुढे गोळा झाला. स्कूटर आडवी होत मोरीच्या बाजूला घसरली. हिराजींनी ती दोन्ही हातांनी हँडलजवळ धरली, आणि ते, स्कूटर, दोघी बाया असे सगळे मिळून रस्त्यावर पडले. मोरीची कड तिथून हातभर राहिली होती.

मी पोचले तेव्हा डबे गडगडत खाली जात होते. पुढची बाई उठून बसली होती, कोपर सोललेलं. मागची रडत होती, पण धड होती. हिराजींच्या नडगीवर स्कूटर पडली होती. पँट फाटून रक्त आलं होतं. ते त्या बाईला म्हणत होते, "नाय लागलं, काय नाय झालं, बस तू, घाबरू नको." हवालदार माझ्यामागून धावत आले होते. त्यांनी चाकापुढे गोळा झालेल्या थराकडे बघितलं, बुटाने तो उचकटला, आणि वर जाऊन रस्ता अडवून उभे राहिले. त्यानंतर कंटेनरवाल्यांच्या हॉर्नला त्यांनी भीक घातली नाही.

ग्रेडर आला. आम्ही सगळ्यांनी फावडी घेतली, मीसुद्धा. गोदामातल्या बायांना पाच वाजता गेटवरच थांबवलं आणि चालत कडेकडेने वर आणलं. दिवेलागणीच्या सुमाराला उतार पुन्हा पहिल्यासारखा झाला, जुना, भेगाळलेला, पण पायाखाली घट्ट. पहिला कंटेनर खाली गेला आणि मी मशीनच्या पायरीवर बसले.

आता जे लिहिणार आहे ते मी कामाबाहेर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही.

मोहिते साहेब आले. टोळी गोळा झाली. त्यांनी विचारलं, "पाणी कोणी तपासलं होतं?"

सोपा प्रश्न होता. उत्तर मला माहीत होतं. कपात जारचं पाणी घातलं होतं, मी, घाईत. पंचवीस वर्षं हेच काम केलेली बाई, सगळ्यांना शिकवणारी. तोंड उघडायला मला वाटतं दोन-तीन सेकंद लागले. तेवढ्यात हिराजी बोलले. नडगीला फडका बांधून ते टँकरला टेकून उभे होते.

"पानी मी चाखायचो, साहेब. आज नाय चाखलं."

खोटं काहीच नव्हतं त्यात. का नाही चाखलं ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एवढ्या मोठ्या नुकसानीला एक नाव मिळालं होतं. "तुला पेटीवर कशाला उभा करतो आम्ही? सोमवारपासून झाडूवर." हिराजींनी मान हलवली. आणि मी, सहीशिवाय चाक हलू न देणारी, मूग गिळून गप्प बसले. दुपारी रस्ता अडवायला घसा फोडून ओरडले होते. तो धीर सगळा त्यातच संपला असं मी नंतर स्वतःला सांगत असे. ते खरं नाही. दुसऱ्यांचा जीव वाचवताना माझं काही जात नव्हतं. इथे जात होतं.

नऊ दिवस गेले. मी रोज कामावर जात होते, रोज टँकरच्या पाण्याने कपाची चाचणी करत होते, ताकही फुंकून पीत होते. मशीनच्या पुढे हिराजी लंगडत रस्ता झाडत असत. पेटीवर दुसरा माणूस होता. हुशार होता, पण खटका दाबायच्या आधी दर वेळी माझ्याकडे बघायचा.

दहाव्या दिवशी नवी कच आली. ढिगाशेजारून झाडू मारत जाताना हिराजी थांबले. त्यांनी मूठभर कच उचलली, तळहातावर चोळली, आणि बोलायला तोंड उघडलं. मग मी दिसले. त्यांनी मूठ उघडी केली, कच खाली सोडली आणि झाडत पुढे गेले. मी जाऊन तीच कच चोळली. तळहात पिवळा झाला. माती होती, भरपूर, आणि मातीनेही माल वेळेआधीच फुटतो. पुन्हा एकदा तोच खोटा थर त्या ढिगात बसला होता. हिराजींना तो दिसला होता आणि ते गप्प राहिले होते.

त्याच दुपारी मी मोहिते साहेबांच्या टेबलावर दोन पानं ठेवली. चाचणी कशी केली, कोणत्या पाण्याने केली, पाणी चाखायला कोणी आणि कोणत्या शब्दांत बंदी केली, हिराजींनी सकाळी मला काय सांगितलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं. साहेबांनी वाचलं. "मॅडम, हिराजीची चूक म्हणून रिपोर्ट वर जाऊन आठवडा झालाय. आता कशाला?" मी म्हटलं, "तो रिपोर्ट खोटा आहे. हा पाठवा, नाहीतर मी पाठवते." मला लेखी समज मिळाली आणि त्या वर्षीची बढती गेली. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट त्या दिवशी खूप दिवसांनी जेवण गोड लागलं. पुढच्या सोमवारी हिराजी पेटीवर परत चढले. मी सगळ्या टोळीसमोर त्यांची माफी मागितली. ते ओशाळले, म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, चुकतं मानूस." मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. माझ्या शेवटच्या वर्षभरात आम्ही पुष्कळ रस्ते केले, एकही थर सुटला नाही. कॉकपाशी मी स्वतः त्यांना म्हटलं की पाणी तुम्हीच बघा, हवं तर मी लिहून देते. ते हसून बाजूला होत. माल पेटीत पडत असायचा, मी खाली उभी राहून वाट बघायची की हिराजी म्हणतील, कच ओली हाय, माल जड हाय, ऊन लागतंय. ते खटक्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहायचे.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी शेवटचं मशीन सुरू झालं तेव्हा मी न राहवून फळीजवळ गेले आणि विचारलं, "हिराजी, खरं सांगा, कसा पडतोय माल?"

त्यांनी पेटीत बघितलं. बराच वेळ बघितलं. त्यांना काहीतरी दिसत होतं, याची मला खात्री होती.

"तुमी म्हनाल तसा, बाई," ते म्हणाले.